जिना उतरताना मांडी लांबते, मग ते आकुंचन कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही व्यायाम-प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम करताय. स्नायूंचे तीन प्रकार (हाडांना जोडलेले, हृदयाचे आणि आतड्यासारख्या अवयवांतले मऊ) आणि आकुंचनाचे तीन प्रकार, असे दोन तक्ते तुम्हाला पाठ आहेत, पण त्यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही. जिना उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतो, तरी पुस्तक त्याला आकुंचनच म्हणतं, हे तुम्हाला खटकलंय. दुसरं, हृदयही स्नायूच आहे. मग ते जन्मभर चालतं आणि मांडी दोन मिनिटांत का भरून येते? आणि तिसरं, आतड्याचा स्नायू आणि दंडाचा स्नायू आतून एकाच पद्धतीने काम करतात की वेगवेगळ्या?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर, घोटा मुरगळल्यानंतर, फार दिवस अंथरुणाला खिळून राहिल्यानंतर माणसाचे स्नायू पुन्हा कामाला लावणं हा माझा व्यवसाय. तुमच्या तिन्ही प्रश्नांचं मूळ मला एकाच जागी दिसतं. स्नायू कुठे असतो, सूक्ष्मदर्शकाखाली त्यावर पट्टे दिसतात का, तो आपल्या इच्छेने हलतो का, एवढं तक्ता सांगतो. स्नायूत जोर तयार कसा होतो आणि तयार झालेला जोर सुटतो कसा, हे त्यात नसतं. खरं तर स्नायूंच्या तिन्ही प्रकारांत जोर लावणारी यंत्रणा एकच आहे. ती चालू कोण करतं, किती वेळ चालू ठेवतं आणि बंद कशी करतं, इथे ते वेगळे होतात.

एक गोष्ट आधीच सांगते. अमुक स्नायू किती जोर लावेल, किती वेळात थकेल, याला ठरावीक आकडा नसतो. त्या क्षणी तो किती ताणलेला आहे, किती वेगाने हलतोय, वजन किती आहे, त्या कामाची सवय आहे का, माणसाचं वय काय, झोप झाली आहे का, या सगळ्यावर ते अवलंबून असतं. त्यामुळे खाली येणारे आकडे ढोबळ समजा. कारणं मात्र पक्की आहेत.

आधी यंत्रणा पाहू. दंडाच्या स्नायूतला एक तंतू केसाइतका किंवा त्याहून बारीक असतो, पण लांबीला काही सेंटिमीटर. त्याच्या आत आणखी बारीक दोरे असतात आणि त्या दोऱ्यांत एकापुढे एक जोडलेले खण, ज्यांना सार्कोमिअर म्हणतात. एका खणाची लांबी 2 ते 2.5 मायक्रोमीटर. म्हणजे 10 सेंटिमीटर लांबीच्या तंतूत असे 40 हजारांहून जास्त खण एका ओळीत येतात. खणाच्या दोन्ही टोकांना अ‍ॅक्टिनचे पातळ धागे चिकटलेले असतात आणि मधोमध मायोसिनचे जाड धागे. मायोसिनच्या एका धाग्यात सुमारे 300 रेणू आणि प्रत्येक रेणूला दोन डोकी. हे डोकं शेजारच्या अ‍ॅक्टिनला पकडतं, वाकून त्याला खणाच्या मध्याकडे ओढतं, सोडतं आणि पुढे पुन्हा पकडतं. एका ओढीत धागा जेमतेम 10 नॅनोमीटर सरकतो. पण असंख्य डोकी एकाच वेळी कामाला असतात आणि हजारो खणांचं थोडंथोडं आखडणं एकत्र येतं, म्हणून हात कोपरात वाकलेला दिसतो.

धागे स्वतःच दुमडून आखूड होत असावेत, असं बराच काळ मानलं जात होतं. 1954 साली एका विज्ञान साप्ताहिकाच्या एकाच अंकात दोन लेख आले, एक अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगर्क यांचा आणि दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. दोन्ही गटांना स्वतंत्रपणे तेच दिसलं होतं: धाग्यांची लांबी बदलत नाही, ते एकमेकांच्या बाजूने सरकतात. दोघे हक्सली एकमेकांचे कोणी लागत नव्हते, हेही सांगून टाकते, कारण विद्यार्थी नेहमी विचारतात.

इथे एक बाब अशी आहे जी पाठांतरात हमखास निसटते. पकडलेलं अ‍ॅक्टिन सोडून देण्यासाठी डोक्याला एटीपीचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनाचा, नवा रेणू लागतो. म्हणजे ऊर्जा नुसती ओढायला लागते असं नाही, सोडायलाही लागते. मृत्यूनंतर काही तासांत शरीर ताठ होतं ते यामुळेच. एटीपी तयार होणं थांबतं, डोकी पकडलेल्या जागीच अडकून राहतात, आणि पुढे प्रथिनांचं विघटन सुरू झाल्यावरच तो ताठरपणा जातो. सैल पडणं म्हणजे काही न करणं, असं आपल्याला वाटतं; स्नायूच्या बाबतीत तसं नाही.

लांबीचा परिणाम तुम्ही आत्ता, बसल्या जागी पाहू शकता. मनगट सरळ ठेवून मूठ घट्ट आवळा. आता मनगट आतल्या बाजूला पूर्ण वाकवा आणि तशीच मूठ आवळायचा प्रयत्न करा. बोटं नीट मिटतच नाहीत, जोर तर अगदीच कमी लागतो. बोटं मिटवणारे स्नायू हाताच्या पुढच्या भागात, कोपर आणि मनगटाच्या मधे असतात. मनगट वाकवल्यावर ते आधीच आखूड होऊन बसतात, खणातले धागे एकमेकांवर दाटीने चढतात आणि डोक्यांना नीट काम करायला जागा उरत नाही. उलट बाजूचे स्नायू ताणले जाऊन बोटांना मागे ओढतात, ते वेगळंच. फार ताणलेल्या स्नायूतही जोर कमी होतो, कारण तिथे अ‍ॅक्टिन डोक्यांच्या आवाक्याबाहेर जातं. मधल्या लांबीत जोर सगळ्यात जास्त. म्हणून 'या माणसाचा स्नायू कमजोर आहे' असं म्हणण्याआधी सांधा कोणत्या कोनात ठेवून तपासलं, हे मी नेहमी विचारते.

एवढं हाताशी आलं, की जिन्याचा प्रश्न सोपा होतो. खुर्चीसमोर उभे राहा, एक हात मांडीच्या पुढच्या भागावर ठेवा आणि अगदी सावकाश, पाच-सहा सेकंद घेत, खाली बसा. हाताखाली मांडी टणक लागेल. गुडघा वाकतोय म्हणजे पुढचा स्नायू लांबतोय, आणि तरीही तो टणक आहे म्हणजे जोर लावतोय. तो जोर नसता तर तुम्ही धपकन बसला असता. खणाच्या आत डोकी पकडण्याचं आणि ओढण्याचं काम करतच असतात. त्यांची ओढ बाहेरच्या वजनापेक्षा जास्त झाली तर स्नायू आखूड होतो, बरोबरीची झाली तर लांबी तशीच राहते, कमी पडली तर तो जोर लावत लावत लांबतो. तुमच्या पुस्तकातले आकुंचनाचे तीन प्रकार ते हेच. स्नायूच्या आत तीन वेगळ्या यंत्रणा नाहीत. बाहेरच्या वजनाशी झालेल्या झुंजीचे हे तीन निकाल आहेत.

लांबतानाच्या आकुंचनाची खासियत समजायला रस्सीखेच आठवा. समोरचा गट भारी पडला तरी आपण दोर सोडून देत नाही. दोर धरलेलाच असतो, आपण पुढे खेचले जातो, हात निसटतो, लगेच पुन्हा पकड घेतो. मायोसिनच्या डोक्यांचंही तसंच होतं. पकडलेलं डोकं बाहेरच्या वजनाने ताणलं जातं आणि शेवटी ओरबाडल्यासारखं सुटतं. या सुटण्यासाठी एटीपी खर्च होत नाही. शिवाय खणात टायटिन नावाचं एक अवाढव्य प्रथिन असतं, ते ताणाला विरोध करतं. त्यामुळे स्नायू लांबत असताना जास्त जोर पेलतो आणि ऊर्जा मात्र कमी वापरतो.

हे फार सुंदर रीतीने दाखवलं गेलं ते 1952 मध्ये. अ‍ॅबट, बिगलंड आणि रिची या तीन शास्त्रज्ञांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एका साखळीने जोडल्या. एकाने पायडल पुढे मारायचे आणि दुसऱ्याने उलट फिरणाऱ्या पायडलांना पायांनी विरोध करायचा. दोघांच्या पायांवर जोर सारखाच, कारण साखळी एकच. पण पुढे पायडल मारणाऱ्याला लागणारा ऑक्सिजन विरोध करणाऱ्याच्या कित्येक पट भरला, आणि वेग वाढवला तसा हा फरक आणखी वाढत गेला. जिना चढताना धाप लागते आणि उतरताना लागत नाही, याचं मोठं कारण हेच.

मग दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या उतरल्यामुळेच का? तेच वजन पेलायला उतरताना कमी तंतू कामाला लावावे लागतात, म्हणजे जे कामाला लागतात त्या प्रत्येकावर ताण जास्त येतो. काही खण प्रमाणाबाहेर ताणले जातात, तंतूंना सूक्ष्म इजा होते, मग दुरुस्तीसाठी सूज येते. ही प्रक्रिया सावकाश चालते, म्हणून दुखणं 24 ते 72 तासांत सगळ्यात जास्त असतं. 'लॅक्टिक अ‍ॅसिड साठलं म्हणून दुखतं' हे कृपा करून कोणाला शिकवू नका. व्यायामात वाढलेलं लॅक्टेट साधारण तासाभरात पूर्वीच्या पातळीवर येतं. दोन दिवसांनी होणारी वेदना त्याच्यामुळे कशी असेल? आणि तोच व्यायाम आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा केला तर दुखणं बरंच कमी होतं. एका फेरीतच स्नायू त्या ताणाला सरावतो. म्हणून नव्या माणसाला पहिल्या दिवशी वजन सावकाश खाली आणण्याच्या भरपूर फेऱ्या देऊ नका. थोड्या द्या, काही दिवस जाऊ द्या, मग वाढवा. वेदना सहन होण्यापलीकडे गेली, स्नायू सुजून टणक झाला आणि लघवी काळपट तपकिरी दिसू लागली, तर तो नेहमीचा अंगदुखीचा प्रकार नव्हे. तुटलेल्या तंतूंतलं मायोग्लोबिन मूत्रपिंडाला इजा करत असू शकतं, त्या माणसाला त्याच दिवशी रुग्णालयात पाठवा.

माझ्या कामात आकुंचनाच्या या तिन्ही प्रकारांचा क्रम कसा लावायचा, हे रुग्ण पाहूनच ठरतं. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दिवसांत माणसं सांगतात, 'मी जोर लावतोय, पण मांडी ऐकतच नाही.' ते खरंच असतं. सुजलेल्या सांध्याकडून मज्जारज्जूला संदेश जातात आणि मांडीच्या स्नायूकडे जाणारा हुकूमच कमजोर होतो. स्नायू शाबूत असतो, त्याला आज्ञाच पोचत नाही. अशा वेळी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायला सांगते. सांधा हलत नाही, लांबी तीच राहते, आणि मेंदू-स्नायूचा तुटलेला संवाद परत सुरू होतो. त्यानंतर ज्यांना खुर्चीतून उठता येत नाही त्यांना आधी सावकाश बसायला शिकवते, कारण लांबताना तोच कमजोर स्नायू जास्त पेलतो. उठणं मागून येतं. टाचेच्या वरच्या जाड कंडरेचं जुनं दुखणं असेल तर पायरीच्या कडेवर उभं राहून टाच हळूहळू खाली सोडण्याचा व्यायाम देते. स्वीडनमधले शल्यचिकित्सक होकान आल्फ्रेडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये त्याचे परिणाम प्रसिद्ध केले आणि तेव्हापासून तो जगभर रुळला. पण कंडरा टाचेच्या हाडाला जिथे चिकटते नेमकं तिथेच दुखत असेल, तर टाच पायरीच्या खाली नेल्याने दुखणं वाढतं. तिथे मी जमिनीवरच थांबते.

आता तुमचा तिसरा प्रश्न घेते, कारण दुसऱ्याचं उत्तर त्यातूनच येतं. तिन्ही प्रकारांत अ‍ॅक्टिन-मायोसिन आहे, तिन्हींत चालू करणारा घटक कॅल्शियम आहे. कॅल्शियम येतं कुठून आणि जाऊन कशाला चिकटतं, ते मात्र सारखं नाही.

हाडांना जोडलेल्या स्नायूत हुकूम चेतातंतूकडूनच येतो. चेतातंतूच्या टोकातून संदेश नेणारं रसायन अ‍ॅसिटिलकोलीन बाहेर पडतं, स्नायुतंतूच्या आवरणावर विद्युत लहर उठते आणि बारीक नळ्यांमधून तंतूच्या आत खोलवर पोचते. तिथे आवरणातलं एक प्रथिन आतल्या कॅल्शियमच्या साठ्याचं दार जवळजवळ हाताने ढकलल्यासारखं उघडतं. बाहेरचं कॅल्शियम आत यावं लागत नाही, साठा घरचाच. ते कॅल्शियम ट्रोपोनिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, अ‍ॅक्टिनवर आडवं पडलेलं ट्रोपोमायोसिन हे दुसरं प्रथिन बाजूला सरकतं आणि डोक्यांना पकडायची जागा मोकळी होते. हुकूम थांबला की पंप कॅल्शियम परत साठ्यात भरतात, आणि या पंपांनाही एटीपी लागतो. विद्युत लहर काही मिलिसेकंदांत संपते, पण तिच्यामुळे उठलेला झटका त्याच्या कित्येक पट वेळ टिकतो. त्यामुळे पहिला झटका संपायच्या आत दुसरा, तिसरा हुकूम येऊ शकतो, झटके एकमेकांवर चढतात आणि सलग, गुळगुळीत जोर मिळतो. भरलेली बादली धरून तुम्ही उभे राहता ते अशा जोडलेल्या झटक्यांवर. जास्त जोर हवा असेल तर मज्जारज्जू हुकमांची गती वाढवतो आणि आणखी तंतूंना कामाला घेतो, आधी लहान, न थकणारे गट, मग मोठे. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत एक चेतापेशी 10 च्या आसपास तंतू सांभाळते, पोटरीच्या मोठ्या स्नायूत हजाराहून जास्त. बारकाई आणि ताकद यांची वाटणी अशी झालेली असते.

हृदयात बाहेरचं कॅल्शियम लागतंच, आणि याचा शोध लागला तो नळाच्या पाण्यामुळे. लंडनमधले डॉक्टर सिडनी रिंगर 1880 च्या दशकात बेडकाचं हृदय मिठाच्या द्रावणात ठेवून प्रयोग करत होते. हृदय छान चालत होतं. नंतर लक्षात आलं की ते द्रावण ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात नव्हे, नळाच्या पाण्यात केलेलं होतं. ऊर्ध्वपातित पाणी वापरताच ठोके क्षीण होत गेले आणि थांबले. त्या नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं. 1883 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. कारण असं, की हृदयाच्या पेशीत प्रत्येक ठोक्याला थोडं कॅल्शियम बाहेरून आत यावं लागतं आणि तेच आतल्या साठ्याचं दार उघडतं. त्यापुढचं सगळं, ट्रोपोनिन वगैरे, दंडासारखंच. म्हणून हृदयाच्या स्नायूवरही पट्टे दिसतात.

आतडी, रक्तवाहिन्या, मूत्राशय, गर्भाशय, श्वासनलिका यांच्या भिंतींतला स्नायू, म्हणजे मऊ स्नायू, आणखी वेगळा. त्यात खण एका रांगेत लावलेले नसतात, म्हणून पट्टे नाहीत. धागे पेशीत आडवेतिडवे पसरलेले असतात, त्यामुळे ही पेशी खूप जास्त आखडू शकते आणि खूप ताणूनही काम करते. मूत्राशय जवळपास रिकामं असताना आणि अर्धा लिटर भरलेलं असताना, दोन्ही वेळी तीच भिंत जोर लावू शकते ती यामुळे. या स्नायूत ट्रोपोनिन नसतं. कॅल्शियम कॅल्मोड्युलिन या वेगळ्या प्रथिनाला चिकटतं, त्यातून एक विकर (एन्झाइम) जागं होतं आणि ते थेट मायोसिनला फॉस्फेट जोडून कामाला लावतं. रासायनिक पायऱ्या जास्त, म्हणून सुरुवात संथ. आणि चालू करायला चेतातंतूच हवा असंही नाही. संप्रेरक, नुसता ताण, आजूबाजूची रसायनं, कशानेही काम भागतं. जठर आपल्याच तालावर मिनिटाला तीनदा आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग बाराच्या आसपास लहरी उठवतो. या स्नायूची मला सगळ्यात विलक्षण वाटणारी शक्ती म्हणजे पकडून बसणं. फॉस्फेट निघून गेल्यावरही डोकी अ‍ॅक्टिनवर बराच वेळ टिकून राहतात, जोर कायम आणि ऊर्जेचा खर्च नगण्य. रक्तवाहिन्यांच्या भिंती दिवसरात्र ताण धरून असतात, तेच काम मांडीला दिलं तर काही मिनिटांत ती थरथरू लागेल.

इथवरचं एका ओळीत सांगायचं तर: हाडाच्या स्नायूत हुकूम चेतातंतूचा, कॅल्शियम घरचं, चिकटतं ट्रोपोनिनला; हृदयात हुकूम स्वतःचा, कॅल्शियम थोडं बाहेरचं, चिकटतं ट्रोपोनिनलाच; मऊ स्नायूत हुकूम अनेकांचा, कॅल्शियम दोन्हीकडचं, चिकटतं कॅल्मोड्युलिनला.

आता हृदय थकत का नाही. याची तीन कारणं मला महत्त्वाची वाटतात. पहिलं, हृदयपेशीतली विद्युत लहर 200 ते 300 मिलिसेकंद टिकते, जवळजवळ आकुंचनाइतकीच. तेवढा वेळ पेशी दुसरा हुकूम घेतच नाही. त्यामुळे झटके एकमेकांवर चढून हृदय आवळलेलंच राहणं शक्य नाही. प्रत्येक ठोक्यानंतर सैल होणं ठरलेलं. मिनिटाला 70 ठोके धरले तर एका ठोक्याच्या सुमारे 0.85 सेकंदांपैकी निम्म्याहून जास्त वेळ विश्रांतीचा असतो, आणि डाव्या कप्प्याच्या भिंतीला रक्तही मुख्यतः त्याच वेळात मिळतं. दुसरं, हृदयपेशीचा जवळपास एकतृतीयांश भाग मायटोकॉन्ड्रियांनी भरलेला असतो, म्हणजे एटीपी तिथल्या तिथे सतत बनत असतो. तिसरं, ते ग्लुकोज, मेदाम्लं, लॅक्टेट, जे मिळेल ते जाळतं.

याउलट भिंतीला पाठ टेकवून, गुडघे वाकवून तुम्ही बसल्यासारखे उभे राहता तेव्हा मांडीचा स्नायू सलग आवळलेला असतो. आतला दाब वाढून रक्तवाहिन्या दबतात आणि रक्त नेमकं हवं तेव्हाच कमी पोचतं. तयार एटीपी काही सेकंदांचा, क्रिएटिन फॉस्फेटची पुंजी आणखी दहाएक सेकंदांची. पुढे साखर ऑक्सिजनविना मोडावी लागते, फॉस्फेट साठतं, कॅल्शियम साठ्यातून कमी सुटू लागतं, आणि मेंदूकडून येणारा हुकूमही ढिला पडतो. पण त्याच पायातला पोटरीचा आतला, चपटा स्नायू तासन् तास उभं राहिलं तरी कुरकुरत नाही. त्यात संथ, मायटोकॉन्ड्रियांनी समृद्ध तंतूंचं प्रमाण खूप जास्त असतं. मांडीत संथ आणि वेगवान तंतू मिसळलेले असतात. कोणात किती, हे माणसागणिक बदलतं. तेव्हा प्रश्न हृदय विरुद्ध मांडी असा नाही. सलग आवळून ठेवता की मधे सोडता आणि पुरवठा खर्चाला पुरतो की नाही, त्यावर थकवा ठरतो. हृदयाचाही पुरवठा अडला तर ते फार लवकर हतबल होतं. विश्रांतीतही ते रक्तातला सुमारे 70 टक्के ऑक्सिजन काढून घेत असतं, त्यामुळे गरज वाढली की रक्तप्रवाह वाढवण्यावाचून त्याला फारसा मार्ग नसतो. धमनी अरुंद झालेल्या माणसाला जिना चढताना छातीत भरून येतं, ते म्हणूनच.

ऐच्छिक-अनैच्छिक या रकान्यावर मात्र फार भिस्त ठेवू नका. गिळतानाचा एकच घोट पाहा. अन्ननलिकेच्या वरच्या भागातला स्नायू हाडांच्या स्नायूसारखा पट्ट्यांचा, मधल्या भागात दोन्हींची मिसळ, खालच्या भागात मऊ स्नायू. घोट गिळायला सुरुवात तुम्ही करता, पण तो घशाखाली गेला की वरच्या भागातल्या पट्ट्यांच्या स्नायूवरही तुमचा ताबा उरत नाही. श्वासपटल पट्ट्यांचंच आहे, तरी झोपेत आपोआप चालतं. मूत्रमार्गाला आतल्या बाजूला मऊ स्नायूचा आणि बाहेरच्या बाजूला पट्ट्यांच्या स्नायूचा आधार असतो. बाळंतपणानंतर लघवी न थांबण्याची तक्रार घेऊन येणाऱ्या बायकांना मी जे व्यायाम शिकवते, ते पट्ट्यांच्या या बाहेरच्या स्नायूंनाच बळ देतात. आतल्या मऊ स्नायूला सांगून काही करवून घेता येत नाही.

तुमच्याकडे व्यायामाला येणाऱ्या माणसांसाठी हे सगळं कामाला येईल ते औषधांच्या संदर्भात. रक्तदाबावरची अ‍ॅम्लोडिपिनसारखी औषधं पेशीच्या आवरणातून आत येणारं कॅल्शियम अडवतात. रक्तवाहिन्यांना ते लागतं, म्हणून त्या सैलावतात. हाडाच्या स्नायूला ते लागत नाही, म्हणून हातापायांची ताकद जात नाही. 'या गोळीने माझे स्नायू ढिले पडतील का?' असं कोणी विचारलं, तर हे कारण सांगून निश्चिंत करा. मात्र घोट्यांवर सूज दिसली तर डॉक्टरांना दाखवायला सांगा. दम्यासाठी साल्ब्युटामॉलचा पंप ओढणाऱ्याच्या श्वासनलिका सैल होतात, त्याच वेळी छाती धडधडते आणि बोटं थरथरतात. तिन्ही प्रकारच्या स्नायूंवर एकाच औषधाचा तीन तऱ्हांचा परिणाम. त्या थरथरीला कमजोरी समजू नका, थोडा वेळ जाऊ द्या. आणि कोणी बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंद ठेवणारं औषध, घेत असेल तर नाडीच्या ठोक्यांवरून त्याच्या व्यायामाची तीव्रता ठरवू नका. कितीही मेहनत केली तरी त्याची नाडी फारशी वाढणार नाही आणि तुम्ही त्याला झेपण्यापलीकडे पळवाल. त्याला व्यायाम करता करता बोलायला लावा. पूर्ण वाक्य एका दमात बोलता येतंय तोवर ठीक आहे, दोन-तीन शब्दांवर थांबावं लागलं की वेग कमी करा.